म्हापसा: सात दिवस आणि रोजचं वजन

सोमवार

मुलींच्या बॉक्सिंग स्पर्धेसाठी कोल्हापूरहून पहाटे पाचला गाडी सुटली. सहा मुली (४८, ५१, ५४, ५७, ६० आणि ६५ किलोच्या वजनगटांतल्या), दोन प्रशिक्षक आणि एक मॅनेजर ताई. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, मग पेडणे, कोलवाळचा पूल आणि म्हापसा. रात्रीच्या बसने तिकीट स्वस्त पडतं, एक मुक्कामही वाचतो, पण मोडलेल्या झोपेचा हिशोब तिसऱ्या लढतीत द्यावा लागतो. म्हणून दिवसाचा प्रवास.

आंबोलीच्या वळणांवर ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, हातात आल्याचा तुकडा आणि कोरडं बिस्कीट द्यायचं. उलटीच्या गोळ्यांनी सुस्ती येते आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. पोटात काही ठेवायचं नाही म्हणून उपाशी बसणारी मुलगी हमखास जास्त ओकते.

सामानातली सगळ्यात जपून आणायची वस्तू म्हणजे वजनकाटा. पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दोन जादा सेलसकट, कपड्यांच्या मध्ये गुंडाळलेला. खोलीवर पोचल्यावर पहिलं काम काटा तपासायचं. तो फरशीवर ठेवायचा, चटईवर किंवा गादीवर कधीच नाही, आणि चारही पाय टेकले आहेत का ते हलवून बघायचं. मग पाच लिटरचे पाण्याचे चार सीलबंद कॅन चढवायचे. प्लास्टिकसकट वीस किलोच्या किंचित वर आकडा यायला हवा. हाच प्रयोग निघण्यापूर्वी घरीही करून आकडा लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे प्रवासात काटा हलला असेल तर लगेच कळतं.

खोल्या म्हापशाच्या बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर होत्या. जेवण शेजारच्या खाणावळीत, तिथली मावशी मराठी बोलणारी. तिला पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवलं: मसाला अर्धा, नारळाचं वाटण वेगळं, तिसऱ्या (शिंपले) आणि कोळंबी रविवारपर्यंत नाही. सवय नसलेल्या पोटाला शिंपले चढले तर अख्खी स्पर्धा संडासात जाते. "बाय, उकड्या तांदळाची पेज चलता मगो?" तिने विचारलं. चलता कसली, हवीच होती. तिचं कारण गुरुवारच्या नोंदीत येईल.

मंगळवार

कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, रिंगची ओळख.

वैद्यकीय पुस्तिकेशिवाय मुलीला रिंगमध्ये उभं करत नाहीत, आणि पुस्तिका घरी राहिल्याचं दरवेळी कुणाचं तरी होतंच. वयाचा दाखला, ओळखपत्र, पुस्तिका आणि गरोदर नसल्याचं सही केलेलं जाहीरपत्र, हे सगळं मॅनेजर ताईकडे एकाच पिशवीत राहतं. अठरा वर्षांखालील मुलीच्या पत्रावर पालकाची सही लागते. ती घरून निघतानाच घ्यायची, कारण व्हॉट्सॲपवर आलेला फोटो प्रत्येक टेबलावर चालतोच असं नाही. वरच्या पायरीवर कागद आणखी कडक होतात. २०२५ च्या लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेपासून महिला गटासाठी जनुकीय चाचणीचा अहवाल सक्तीचा झाला. फ्रान्सच्या महिला संघाचे अहवाल वेळेत आले नाहीत आणि त्या मुली तिथपर्यंत जाऊनही खेळू शकल्या नाहीत.

औषधांचा डबा डॉक्टरांसमोर उघडायचा. साधी पॅरासिटामॉल चालते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, त्या स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहेत. लघवी जास्त व्हायची गोळी तर बारा महिने निषिद्ध. "वजनासाठी एकच घेतली होती" असं सांगून कुणीही सुटत नाही. जिममधल्या कुणी दिलेली बिनलेबलची पावडर आणि वजन उतरवणारा चहा यांनाही पिशवीत जागा नाही.

संध्याकाळी रिंगवर. दोरांच्या आत ६.१० मीटर बाजूची चौरस जागा, चार दोर, एक लाल कोपरा, एक निळा, उरलेले दोन पांढरे. मुलींना आधी बूट घालून नुसतं चालायला लावायचं. कॅनव्हास कुठे सैल आहे, खालचा फोम कुठे दबतो, कुठल्या बाजूचा दोर ढिला आहे, हे पायाला कळू द्यायचं. ढिल्या दोरावर पाठ टेकली की अंग मागे झुकतं, हनुवटी वर येते आणि समोरचीचा उजवा हात थेट पोचतो. या हॉलमध्ये निळ्या कोपऱ्याजवळ फळ्यांचा सांधा जाणवत होता. तिथे पाय अडखळतो म्हणून तिथून वळायचं नाही, असं सहाही जणींना दाखवून ठेवलं.

ऑक्टोबरची म्हापशाची हवा कोल्हापूरच्या मुलींना जड जाते. पाऊस ओसरलेला, ऊन चढलेलं, आणि हवेत इतकं पाणी की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होतं ते घाम वाळताना, ओघळताना नव्हे. त्यामुळे त्याच कसरतीला नाडी जास्त चढते, आणि घरी पंचवीस मिनिटं चालणारा वॉर्म-अप इथे पंधरा मिनिटांवर आणावा लागतो. पहिल्या दिवशी हे लक्षात न आलेल्या मुली वॉर्म-अपच्या जागीच आपली पहिली फेरी खेळून टाकतात.

बुधवार

सकाळी सहाला खोलीवर वजन, सातला अधिकृत वजन. बंद खोली, फक्त महिला अधिकारी. शेजारी चाचणीचा काटा ठेवलेला असतो, आधी त्यावर. आमच्या काट्यापेक्षा तो १५० ग्रॅम जास्त दाखवत होता. कोणता बरोबर हा वाद त्या वेळी निरर्थक असतो, अधिकृत काटा जे दाखवेल ते वजन. म्हणून हाताशी दोनशे ग्रॅमची मोकळीक ठेवूनच यायचं.

पहिल्या दिवशीच्या वजनाला खालचीही मर्यादा असते, हे नव्या पालकांना माहीत नसतं. ५१ च्या गटात उतरणारी ४८ च्या वर असावी लागते. पुढच्या दिवसांत फक्त वरची मर्यादा बघतात, आणि ज्या दिवशी लढत त्या दिवशीच वजन. कुस्तीत विनेश फोगाट २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या सकाळी शंभर ग्रॅमने बाद झाली. त्या शंभर ग्रॅमची गोष्ट आमच्या प्रत्येक मुलीला पाठ आहे. पण त्यातून "आदल्या रात्री जास्त घाम काढायला हवा होता" एवढाच धडा घेतला तर तो अर्धवट राहतो. बॉक्सिंगमध्ये पाच दिवसांत चार वेळा वजन द्यायचं असतं. एकदा उतरवलेलं वजन चार वेळा उतरवता येत नाही. गटाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के वर, म्हणजे ५७ च्या मुलीने अठ्ठावन्न, फार तर साडेअठ्ठावन्नवर वर्षभर राहायला हवं. साठ-एकसष्टवरून खाली आलेली मुलगी पहिल्या दिवशी दणकट दिसते, जिंकतेही. तिचं काय होतं ते आठवड्याच्या शेवटाला दिसतं.

५४ च्या मुलीचं वजन आठशे ग्रॅम जास्त भरत होतं, जेवणात काहीही बदल नसताना. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, एखाद्या मुलीत किलोभर, क्वचित त्याहून जास्त. म्हणूनच वहीत वजनाशेजारी पाळीचा दिवस लिहायचा आणि आजच्या आकड्याची तुलना गेल्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी करायची, गेल्या आठवड्याशी नाही. ही नोंद ठेवायला प्रशिक्षक पुरुष असेल तर मुली लाजतात, ताईकडे वही दिली की अडचण संपते. तिचं जमलं ते असं: दीड दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, कडधान्यं बंद, त्याऐवजी पांढरा भात, दही, अंड्याचा पांढरा भाग. आतड्यातला चोथा कमी झाला की चारपाचशे ग्रॅम तसेच जातात, अंगातलं पाणी न घालवता. मीठही बेताचं. सकाळी भरलं ५३.९. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिने मागितल्या होत्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि स्पर्धेच्या आठवड्यात पहिल्यांदाच, या दोन्ही गोष्टी आम्हाला मान्य नाहीत.

वजन झाल्यावर पहिल्या लढतीला किमान तीन तास असतात. आधी पाणी, घोट घोट, अर्ध्या तासात अर्धा लिटर, त्यात ओआरएस. मग दोन केळी, इडली किंवा मऊ भात. म्हापशाची गरम पोई (कोंड्याचा गोवन पाव) छान लागते, पण तिच्या कोंड्याने लढतीच्या दिवशी पोट जड होतं. ती रविवारी खायची.

ड्रॉ निघाला. ६५ मध्ये फक्त पाच नावं, म्हणून आमची मुलगी न खेळता थेट उपांत्य फेरीत. बाकी पाच जणींच्या लढती संध्याकाळी.

आता ग्लव्हजच्या आत हाताला बांधायची पट्टी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पट्टी साडेचार मीटरपेक्षा लांब नको आणि अडीचपेक्षा आखूड नको, रुंदी ५.७ सेंटीमीटर. मुलीने बोटं पूर्ण फाकवायची, मनगट सरळ. अंगठ्यात फास अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यायची, तळव्याच्या बाजूने नव्हे, नाहीतर मूठ वळली की फास सैल पडतो. मनगटाला तीन वेढे, हाडाच्या दोन बोटं वरपर्यंत. मग तिरकं वर येऊन मुठीच्या गाठींवर तीन वेढे. इथे पट्टी थोडी सरकवत न्यायची, म्हणजे गाठींवर थर पसरतो. मग करंगळी आणि अनामिका यांच्यातून मनगटाकडे, तिथून पुढची फट, तिथून त्याच्या पुढची. अंगठ्याला एक वेढा देऊन तो हाताशी बांधायचा, कारण हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) चुकला तर आधी अंगठाच मागे मुरगळतो. उरलेली पट्टी पुन्हा गाठींवर आणि शेवट मनगटावर.

"मूठ कर. घट्ट झालंय?"

"नाही सर, बरोबर आहे."

एवढ्यावर सोडायचं नाही. मूठ उघडायला लावून नखं बघायची. दाबलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं मिटलेली असताना पट्टी बांधली तर ती बसताना छान वाटते, आणि दुसऱ्या फेरीत हात सुजला की बोटं बधिर होतात. मग मुलगी मूठ पूर्ण वळत नाही, उघड्या हाताने मारते आणि रेफ्रीची ताकीद खाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ती घाबरली.

इथल्या दमट हवेत धुतलेली पट्टी रात्रीत वाळत नाही. ओली पट्टी हातावर आवळत जाते आणि बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलते. प्रत्येकीच्या चार जोड्या आणायच्या, धुतल्या की टॉवेलमध्ये पिळून पंख्याखाली पसरून टाकायच्या. वेल्क्रोत केसांचा आणि कापसाचा गुंता अडकतो, तो जुन्या दातघासणीने काढायचा. न काढल्यास ग्लव्हजमध्ये वेल्क्रो सुटतो आणि पट्टीचं टोक ग्लव्हजबाहेर लोंबतं.

ग्लव्हज आयोजकांचे, महिलांना १० औंसचे. ते आधीच्या लढतीतून ओले येतात. आत कोरडा रुमाल घालून एकदा दाबून काढायचा, मग हात.

हेडगार्ड महिलांना अजूनही सक्तीचं आहे, वरच्या स्तरावरच्या पुरुषांचं २०१३ पासून गेलं. त्याचा खरा शत्रू अंबाडा. डोक्यावर उंच बांधलेल्या केसांवर हेडगार्ड तरंगतं आणि पहिल्या चांगल्या जॅबसरशी (पुढच्या हाताच्या सरळ ठोशासरशी) डोळ्यांवर येतं. रेफ्री लढत थांबवून नीट करायला लावतो आणि लागलेली लय तुटते. दोन घट्ट वेण्या, मानेलगत खाली, टोकं आत दुमडलेली, रबरबँडने बांधलेली. पिन, आकडा, कसलाही धातू नाही. माउथगार्ड लाल रंगाचं चालत नाही, कारण तोंडातून आलेलं रक्त त्यात दिसत नाही.

संध्याकाळचे निकाल: ४८, ५१, ५७ आणि ६० जिंकल्या, ५४ हरली. ती वजनामुळे हरली नाही. समोरची डावखुरी होती, आणि डावखुरीसमोर आपला पुढचा पाय तिच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा ही सवय स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) डावखुरी जोडीदारीण नसली की लागत नाही. तिचा पाय दर वेळी आत राहिला आणि तिथून समोरचीचा डावा हात सरळ रस्त्याने येत होता. जिल्ह्यात दोन तरी डावखुऱ्या मुली शोधून महिन्यातून एकदा एकत्र आणणं, हे आता प्रशिक्षकांचं काम आहे.

गुरुवार

काल रात्रीचा हिशोब इथे मांडायला हवा, कारण सगळी स्पर्धा त्यात आहे.

५७ ची मुलगी सकाळच्या वजनाला ५६.८. दिवसभर खाऊन-पिऊन संध्याकाळी ५८.५. वॉर्म-अप आणि लढत मिळून सव्वा किलो घाम, म्हणजे रात्री नऊला ५७.२५. गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव परत जायला हवा, असं शास्त्र सांगतं. म्हणजे तिला दीड ते दोन लिटर आणि वर पोटभर जेवण हवं. पण दुसऱ्या सकाळी सातला पुन्हा काटा आहे. झोपेत घामाने, श्वासाने आणि सकाळच्या लघवीने मिळून तिचे साधारण सातशे ग्रॅम जातात (हा आकडा प्रत्येकीचा वेगळा, घरीच दहा रात्री मोजून काढलेला). मग झोपताना ती ५७.६ च्या वर नको. थोडक्यात, तिला साडेतीनशे ग्रॅमच घेता येतात, खाणं आणि पाणी धरून.

त्या साडेतीनशेत सगळ्यात जास्त काम कोण करतं? उकड्या तांदळाची पेज. एक वाटी तांदूळ, सात वाट्या पाणी, शिजल्यावर मीठ. पिष्ट, पाणी आणि मीठ एकाच वाडग्यात, तेही थकलेल्या पोटाला न टोचणारं. मावशीने अडीचशे मिलिलिटर मोजून दिली, सोबत एक उकडलेलं अंडं. सकाळी ५६.९. तोपर्यंत ती तहानलेलीच होती. उरलेलं सगळं वजनानंतर आत गेलं, पण एका रात्रीची भरपाई दुपारपर्यंत पूर्ण होत नाही.

तिच्याच शेजारी ५१ ची मुलगी. तिचं रोजचं वजन ५१.३. लढतीनंतर ती पेज, भात, बांगड्याचं तिखटजाळ नसलेलं हुमण, पाणी, सगळं घेऊन झोपली आणि सकाळी ५०.८ भरली. दोघींची मेहनत सारखी. एकीला रात्र विश्रांतीची मिळाली, दुसरीला राखणीची.

उपांत्यपूर्व फेरीत ५१ आणि ५७ जिंकल्या. ४८ हरली. ६० च्या मुलीची लढत दुसऱ्या फेरीत रेफ्रीने थांबवली: डाव्या हुकवर रेफ्रीने आठपर्यंत मोजणी केली, उठल्यावर नजर स्थिर नव्हती, निर्णय योग्यच. प्रेक्षकांत तिची मावसबहीण ओरडत होती, "अहो, ती उभी आहे की!" उभं राहणं पुरेसं नसतं. डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबली की किमान तीस दिवस लढत नाही आणि स्पारिंगही नाही, पुस्तिकेत तशी नोंद होते. शुद्ध हरपली असेल तर याहून बरंच जास्त. त्या रात्री तिला एकटीला झोपू दिलं नाही. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, बुबुळं लहानमोठी दिसली किंवा जागं करायला कष्ट पडले, तर थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. हा रस्ता गाडीवाल्याला सोमवारीच दाखवलेला असतो. तसं काही झालं नाही.

शुक्रवार

विश्रांतीचा दिवस, आणि म्हापशाचा बाजाराचा दिवस. मुलींना बाजार बघायचा होता. केळीचे घड, मातीची मडकी, सुकी मासळी, मिरच्यांचे ढीग. परवानगी पाऊण तासाची. दोन तास उन्हात हिंडलं तर पोटऱ्या भरून येतात आणि सावली शोधत उसाचा रस प्यायला जातो. समुद्रावर धावायला जायची मागणीही फेटाळली. कोरड्या वाळूत टाच खोल रुतते, घोट्यामागची शीर ताणते, आणि स्पर्धेच्या मध्यावर नवीन जमिनीवर धावण्यात काहीच मिळकत नाही. हलकी दोरी, तीन फेऱ्या सावलीशी (समोर कुणी नसताना हवेत ठोसे), बस.

बाजारातून बर्फ मात्र आणला. मासळीवाल्यांचा लादीचा बर्फ स्वस्त आणि भरपूर मिळतो. तो प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, मानेला आणि तळहातांना लावायला. तोंडात जाणारा बर्फ वेगळा, पिण्याच्या पाण्याचा.

दुपारी ४८ च्या मुलीशी बसून बोलणं झालं. ते सगळ्यांच्याच उपयोगाचं. ४८ किलोत भारताची मीनाक्षी हुडा २०२५ मध्ये लिव्हरपूलला जगज्जेती झाली. पण ४८ हा ऑलिम्पिकचा गटच नाही. पॅरिसला महिलांचे सहा गट होते आणि सगळ्यात हलका ५० चा. २०२८ ला लॉस एंजेलिसला पहिल्यांदाच महिलांचे गट पुरुषांइतके, सात असतील, आणि सुरुवात ५१ पासून. म्हणजे आज सोळा-सतरा वर्षांच्या ४८ किलोच्या मुलीने ठरवायचं आहे. मेरी कोमने हेच केलं होतं: २०१० चं जगज्जेतेपद ४८ मध्ये, आणि २०१२ ला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा ५१ मध्ये जाऊन कांस्य. लंडनला गट तीनच होते, ५१, ६० आणि ७५, त्यामुळे तिच्यापुढे दुसरा रस्ताही नव्हता.

तीन किलो चढवणं म्हणजे भाताचं ताट मोठं करणं नव्हे. वर्षभराचं काम आहे: आठवड्याला तीन दिवस वजनांचा व्यायाम, रोज किलोमागे दीड ग्रॅमच्या वर प्रथिनं, रक्तातलं लोह तपासलेलं. घरी शाकाहारी जेवण असेल तर दूध, पनीर, डाळी, सोयाबीन मोजूनच द्यावे लागतात. "जेवते की ती पोटभर," असं आई सांगते, आणि ताटात दोन पोळ्या, भाजी असते. ५१ मध्ये समोर येणाऱ्या मुली चोपन्नवरून उतरलेल्या, हात लांब असलेल्या. त्यामुळे हिला आत शिरायची पद्धत बदलावी लागेल: जॅबमागे थांबून वाट बघण्याऐवजी डोकं हलवत दोन पावलं आत, अंगावर दोन ठोसे, आणि बाजूने बाहेर. सरळ मागे कधीच नाही.

वर जाण्याच्या रस्त्यावर ठोशांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट मुलींना आता सांगायलाच हवी. राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचून डोपिंग चाचणीच्या नोंदणीत नाव गेलं, की रोज आपण कुठे असू हे कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीन चुका म्हणजे डोपिंगचाच गुन्हा, अंगात औषधाचा कण नसला तरी. परवीन हुडाने ५७ किलोत मिळवलेली पॅरिसची जागा अशाच चुकांमुळे गेली, आणि जैस्मिन लंबोरियाला ती बँकॉकच्या पात्रता स्पर्धेत पुन्हा लढून आणावी लागली. क्रमवारीचंही तसंच. निखत झरीन दोन वेळची जगज्जेती, पण पॅरिसला मानांकन नव्हतं आणि दुसऱ्याच लढतीत पहिली मानांकित, चीनची वू यू समोर आली. छोट्या स्पर्धा चुकवल्याची किंमत मोठ्या ड्रॉमध्ये द्यावी लागते.

शनिवार

उपांत्य फेरी. ६५ ची मुलगी तीन दिवस न खेळता थेट इथे आली, पहिल्या फेरीत थंड होती आणि हरली. समोरचीची दुसरी लढत होती, तिचे पाय उघडलेले. रोज संध्याकाळी, स्पर्धेच्याच वेळेला, पूर्ण सामान चढवून तीन फेऱ्या पॅड मारून घ्यायला हवे होते. गुरुवारी घेतले, काल हलकं ठेवलं, ते चुकलं.

५१ ची मुलगी ३-२ अशी हरली. पाच जज, प्रत्येक फेरीत वरचढ मुलीला १०, दुसरीला बहुतेक वेळा ९. तीन फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या. २०१७ आधी महिलांना दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असत, जुन्या प्रशिक्षकांचे श्वासाचे सराव अजून त्याच मापाचे असतात. जज बघतात ते लक्ष्यावर नीट बसलेले ठोसे. हातांवर अडलेले वीस ठोसे प्रेक्षकांना दिसतात, जजला नाहीत. आणि नॉकडाउनचा (समोरचीला पाडल्याचा) जादा गुण नसतो, हे ठाऊक नसलेल्या मुली एक मोजणी मिळवली की स्वस्थ होतात. आमच्या मुलीने दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या तीस सेकंदांत हात खाली घेतले आणि ती फेरी तिथे गेली.

५७ जिंकली, पण कोपऱ्यात बसली तेव्हा थकवा दिसत होता. फेऱ्यांमधलं एक मिनिट असं वापरायचं: स्टूल आत, माउथगार्ड बाहेर आणि धुवायला, बर्फाची पिशवी मानेवर. पहिले पंधरा सेकंद कुणी बोलायचं नाही, ती नाकाने घेऊन तोंडाने सोडेल. मग एक घोट, गिळायचा. मग दोन वाक्यं, दोनच. "जॅब दुहेरी. उजवीकडे निघ." चार वाक्यं सांगितली तर तिला एकही आठवत नाही. दहा सेकंद उरल्याची खूण झाली की माउथगार्ड, उभी. रिंगच्या आत एकच मदतनीस जातो, दुसरा बाहेरच्या कडेवरून बर्फ आणि बाटली सांभाळतो. दोघांनी एकाच वेळी बोलणं हा कोपऱ्यातला सगळ्यात जुना रोग.

रविवार

५७ ची मुलगी सकाळी ५७.१. दहा मिनिटं दोरी, ट्रॅकसूट घालून, आणि ५६.९५. चौथं वजन, चौथी कोरडी रात्र. अंतिम लढत सकाळी अकराला.

पहिली फेरी तिने ४-१ घेतली. जॅब समोरचीच्या गार्डमधून आरपार जात होता. दुसऱ्या फेरीच्या मध्याला पाय जड झाले: बाजूने निघायच्या ऐवजी ती सरळ मागे जाऊ लागली, उजवा हात मारून गालाशी परत यायच्या ऐवजी छातीशी थांबू लागला. समोरची मुलगी बेळगावकडची, सत्तावन्नच्या आसपासच राहणारी, सकाळी वजनाच्या खोलीत आधीच पाण्याची बाटली घेऊन आरामात बसलेली. तिने तिसऱ्या फेरीत वेग वाढवला. निकाल ४-१ विरुद्ध. रौप्य.

लढतीनंतर वजन ५५.६. पाच दिवसांत पहिल्यांदा तिला हवं तितकं पाणी पिता आलं, आणि ती अर्धा तास फक्त पीत बसली.

मावशीने गाडीत बांधून द्यायला पोई आणि पातळ भाजी दिली. परतीला पत्रादेवी ओलांडेपर्यंत वही पूर्ण केली: सहा जणींची रोजची वजनं, झोपतानाची आणि सकाळची तफावत, लढतीतला घाम, पाळीचे दिवस, कुणाच्या कुठल्या हाताला सूज. ६० च्या मुलीची तीस दिवसांची तारीख लाल शाईने, आणि तोवर बॅगवरही जोराचं काम नाही. ५७ च्या नावापुढे लिहिलं: महिन्यापूर्वी ६०.४, आता तीन महिने ६० च्या गटात खेळवायचं, दर सोमवारी उपाशीपोटी वजन, जानेवारीत पुन्हा ठरवायचं. मागच्या सीटवर खिडकीच्या गजांना बांधलेल्या पट्ट्या आंबोलीच्या गार वाऱ्यात एकदाच्या वाळल्या.